आपल्या पेटीचा गांधार उतरलेला नाही: एका परीक्षणास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या सांगलीतील दुकानाला ऑनलाइन परीक्षणात एकच स्टार देताना आपण लिहिले आहे की, ट्यूनिंगसाठी दिलेल्या हार्मोनियमचा गांधार मोबाइलवरील ट्यूनरमध्ये (सूर मोजणाऱ्या अ‍ॅपमध्ये) १४ सेंट, म्हणजे सुराच्या सूक्ष्म मापाने १४ भाग, उतरलेला दिसतो. कानाने सूर लावण्याऐवजी कारागीर काळ्या पडद्यावर अक्षरे टाइप करीत बसला होता, काम संगणकानेच करायचे होते तर मजुरी पूर्ण का घेतली, आणि पेटी ठरल्यापेक्षा उशिरा का दिली, असेही आपले म्हणणे आहे. आपला राग मी समजू शकतो. परंतु आपली पेटी बेसूर आहे असे वाचणाऱ्यांना वाटू नये, म्हणून सविस्तर लिहितो.

पेटी देताना आपण काळी एकचा (पहिल्या काळ्या पट्टीचा) षड्ज सांगून गांधार ट्यूनिंग, म्हणजे त्या एका षड्जाशी नैसर्गिक प्रमाणात स्वर जुळवणे, मागितले होते आणि पावतीवर तशी नोंद आहे. मोबाइलमधील ट्यूनर सर्वसाधारणपणे ४४० हर्ट्झचा स्वर प्रमाण धरून सप्तकाचे १२ समान भाग करतो, म्हणजे प्रत्येक भाग १०० सेंटचा होतो. त्या मोजणीत शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्याच्या षड्जात आपोआप ऐकू येणारा गांधार मात्र षड्जाच्या सव्वापट, म्हणजे ५:४ या प्रमाणात असतो आणि तो ३८६.३ सेंटवर पडतो. आपल्याला दिसलेले १४ सेंट ते हेच.

आपण टाकलेले ट्यूनरचे छायाचित्रच या बाबतीत आमची बाजू मांडते. त्यात गांधार १४, धैवत १६ आणि निषाद १२ सेंट खाली आहे. पंचम २ आणि ऋषभ ४ सेंट वर आहे. ५:४, ५:३, १५:८, ३:२ आणि ९:८ ही प्रमाणे लावून पाहिल्यास नेमके हेच आकडे येतात. कारागिराचा हात चुकला असता, तर सर्व स्वर इतक्या शिस्तीने एकाच हिशेबात बसले नसते.

कानाला यातून काय मिळते, तेही सांगतो. काळी एकचा षड्ज साधारण २७७.२ हर्ट्झचा आहे. समान भागांच्या ट्यूनिंगमध्ये त्याचा गांधार ३४९.२ हर्ट्झचा होतो. प्रत्येक स्वरात त्याच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतले उपस्वरही वाजत असतात. षड्जाचा पाचपट उपस्वर आणि या गांधाराचा चौपट उपस्वर एकत्र वाजू लागले की त्यांच्यात सुमारे ११ हर्ट्झचे अंतर पडते आणि स्वरांवर एक खरखरीत थरथर उमटते. आपल्या पेटीत गांधार ३४६.५ हर्ट्झवर लावलेला असल्यामुळे ही थरथर नाहीशी झाली आहे. षड्ज आणि गांधार एकत्र दाबून, भाता सावकाश हलवत ऐकल्यास आपल्यालाही हे सहज जाणवेल.

आता काळ्या पडद्याविषयी. तो कमांड लाइनवर, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञांवर, चालणारा प्रोग्राम आहे. आज्ञेत षड्जाचे हर्ट्झ आणि स्वरांची प्रमाणे लिहिली की तो मायक्रोफोनमधून आलेला आवाज मोजतो आणि आपल्या षड्जापासून प्रत्येक पट्टी किती सेंट चढली वा उतरली आहे, हे एकेका ओळीत छापतो. भात्याचा दाब बदलला की रीडचा (हवेने कंप पावणाऱ्या पितळी जिभेचा) सूर किंचित हलतो, त्यामुळे मोबाइलवरचा काटा सतत नाचत राहतो. हा प्रोग्राम मात्र काही सेकंदांची सरासरी काढतो आणि कामाआधीचे व कामानंतरचे आकडे फाइलमध्ये जपून ठेवतो. त्याला मर्यादाही आहेत. खर्ज आणि नर (खालच्या आणि वरच्या सप्तकाच्या रीड) एकदम वाजले तर तो सप्तक चुकवू शकतो, म्हणून एका वेळी एकाच रीडचा आवाज त्याला ऐकवावा लागतो, आणि शेवटचा निर्णय तानपुरा लावून कानानेच केला जातो.

प्रोग्राम कानस चालवत नाही. आपल्या पेटीत ४२ पट्ट्या आणि दोन ओळी, म्हणजे ८४ पितळी रीड आहेत. रीड टोकाकडे घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो, आणि जास्त घासलेले पितळ परत येत नाही. घासताना रीड गरम होते आणि निवल्यावर सूर पुन्हा सरकतो; म्हणून पेटी काही दिवस तशीच ठेवून दुसऱ्यांदा तपासावी लागते. मजुरी या हातकामाची आहे आणि विलंबाचे कारणही हेच आहे.

मिरजेचे कारागीर तानपुऱ्याची जवारी (घोडीला आकार देऊन तारेत आणलेला झंकार) कानाने काढतात, हा आपला दाखला योग्यच आहे. जवारीत तारेचा मूळ सूर नव्हे, तर तिच्या उपस्वरांचा झंकार साधायचा असतो आणि त्या कामात आम्हीही संगणकाला हात लावू देत नाही. परंतु स्वर मोजण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. संगीताचे अभ्यासक कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली सप्तकातील बावीस श्रुतींची (सूक्ष्म स्वरांची) गणिती मांडणी प्रसिद्ध केली, तेव्हा मिरज ही ज्यांची कर्मभूमी ठरली त्या गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचे त्यांना साहाय्य होते, पुढे ब्रिटिश अधिकारी ई. क्लेमंट्स यांनी श्रुतींची हार्मोनियमही बनवून घेतली. गळा आणि आकडा एकमेकांना पडताळून पाहणारी ही माणसे होती, आणि त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

एक गोष्ट मात्र आपण ठरवावी. गांधार ट्यूनिंग एकाच षड्जापुरते खरे असते. भजनी मंडळात पट्टी वारंवार बदलत असेल, किंवा कीबोर्डसोबत वाजवायचे असेल, तर समान भागांचे ट्यूनिंगच सोयीचे पडेल आणि ते आम्ही करून देऊ. त्यासाठी सर्व रीडना पुन्हा कानस लावावी लागेल व मजुरी वेगळी पडेल, म्हणून आधी एकदा तानपुऱ्याबरोबर पेटी ऐकावी, असा माझा आग्रह आहे. तानपुरा दुकानात आहे आणि दोन्ही वेळच्या मोजणीचा कागद आपल्यासाठी काढून ठेवला आहे. शक्यतो सकाळी दुकान उघडताच यावे. नंतर रस्त्यावरची वर्दळ वाढते आणि मायक्रोफोनला रीडचा आवाज स्वच्छ मिळत नाही.

आपला नम्र,
दुकानाचा मालक