मालकांचं उत्तर: डोस राहिला नव्हता, थांबवला होता

नमस्कार सर,

चिकूच्या काळजीने तुमचा गणपतीतला एक दिवस वाईट गेला, त्याबद्दल मनापासून माफी मागते. तुम्ही आमच्या मांजरांच्या पाळणाघराला एक स्टार देऊन लिहिलंय की आम्ही तुमच्या डायबेटिक बोक्याचं, चिकूचं, संध्याकाळचं इन्सुलिन विसरलो, 8 ला द्यायचं तर आम्हाला 9:40 ला जाग आली, वर रोजचे 150 रुपये जादा घेतले, तुम्ही दिलेला खाऊ दिला नाही आणि बोका मलूल होऊन परत आला. पुरावा म्हणून आमच्या वहीच्या पानाचा फोटो लावलाय. तो फोटो बघून दिवाळीची दोन बुकिंगं रद्द झाली. माझं घर याच कामावर चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाकीचं एक वेळ चालेल, पण 'विसरले' हे मला गिळता येत नाहीये.

वहीत 'डोस राहिला' असं आहे, खरं आहे. ते अक्षर आमच्या मावशींचं. त्यांच्या बोलण्यात जे झालं नाही ते सगळं 'राहिलं' असतं. दूधवाला आला नाही की दूध राहिलं, नातीला ताप आला की शाळा राहिली. तुम्ही न्यायला आलात तेव्हाही त्या तुम्हाला हेच म्हणाल्या, आणि मी तेव्हा आत दुसऱ्या मांजराला औषध पाजत होते. पण त्याच ओळीच्या उजवीकडे माझ्या अक्षरात शुगरचा आकडा 71 लिहिलाय, त्याच्याखाली 118. फोटोत तेवढाच भाग तुमच्या अंगठ्याखाली गेलाय.

तो दिवस दीड दिवसाच्या विसर्जनाचा. तुम्ही ठाण्याचेच आहात, उपवनकडे जाणाऱ्या रस्त्यांवर त्या दिवशी काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. सकाळी 8 ला चिकूची शुगर 262 होती, त्याने वाटी चाटूनपुसून खाल्ली, मी 2 युनिट दिले. दुपारी मात्र दोन घास. चार वाजता ढोल सुरू झाले तसा तो कपाटाखाली गेला तो गेलाच. पावणेआठला वाटी पुढे केली, वास घेतला आणि तोंड फिरवलं. आमच्याकडे ठरलेलं आहे: शुगर आणि जेवण बघितल्याशिवाय सुई नाही. म्हणून रुमाल कोमट पाण्यात बुडवून त्याचा कान शेकला, मागे कापसाचा बोळा धरला, कडेच्या शिरेच्या जरा बाहेर टोचलं. पहिल्यांदा रक्त आलं नाही. दुसऱ्यांदा मोहरीएवढा थेंब आला. 71.

आता माणसांचं शुगर मोजायचं मशीन मांजराची शुगर थोडी कमीच दाखवतं, हे मला माहीत आहे. खरा आकडा वर असणार. पण पोटात अन्न नाही, सकाळचा डोस पुरता उतरलेला नाही, त्यात आकडा 71, आणि वरून आणखी 2 युनिट टोचायचे? डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, अजिबात देऊ नका, काहीतरी खाऊ घाला आणि दीड-दोन तासांनी परत बघा. मग मी जमिनीवर पालथी पडून कपाटाखाली हात घालून उकडलेल्या चिकनचे धागे त्याच्या तोंडाशी धरत बसले. साडेआठला त्याने खायला सुरुवात केली. 9:40 ला मला जाग आली नव्हती सर, 9:40 ला मी दुसऱ्यांदा कान टोचला होता. 118. मग रात्री साडेबाराला एकदा आणि पहाटे चारला एकदा. सकाळी 318 होती, पोटभर खाल्ल्यावर नेहमीचेच 2 युनिट दिले. आदल्या रात्रीची भरपाई म्हणून जास्त देत नाहीत.

एका रात्रीची शुगर वर राहिली तर बोका पाणी जास्त पितो, दोनदा जास्त शू करतो. खाली गेली तर काय होतं ते मी माझ्या मनीच्या वेळी बघितलंय. ती दोन वर्षं इन्सुलिनवर होती. पहाटे तीनला धडपडल्याचा आवाज आला, बघते तर मागचे पाय फाकून पडलेले, तोंडातून लाळ. रिक्षात बसून हिरड्यांना मध चोळत दवाखाना गाठला होता. वाचली ती, पण तेव्हापासून न खाल्लेल्या मांजराला सुई द्यायला माझा हात उठत नाही. याला कोणी निष्काळजीपणा म्हटलं तर म्हणो.

माझी चूक कुठे झाली तेही सांगते. तुम्हाला सव्वाआठला दोन फोन केले, गावाला रेंज नव्हती. मग घाईत मेसेज टाकला, 'आज डोस दिला नाही, फोन करा.' बस्स एवढंच. 71 चा आकडा नाही, डॉक्टरांशी बोलणं झालंय हे नाही. असा मेसेज सकाळी उघडल्यावर कोणाच्याही पोटात गोळा येईल. सकाळी मी परत फोन करायला हवा होता, तेव्हा सात मांजरांच्या वाट्या माझ्या हातात होत्या. माफ करा.

पण थोडं तुमच्या बाजूचंही. फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे: शुगर एकदम कमी होऊन त्रास झाला होता का? ती जागा कोरी होती. न्यायला आलात तेव्हा वहिनी सहज म्हणाल्या, मे महिन्यात एका दुपारी असाच लटपटला होता, साखरपाणी दिल्यावर उठला. हे मला सहा दिवस आधी कळायला नको होतं का?

दुसरं, हे मी तेव्हा बोलले नाही कारण तुम्ही रात्री सव्वादहाला चिकूला सोडलंत आणि खाली गाडी चालू होती. तुमच्या पिशवीत दोन जातीच्या सिरिंज एकत्र होत्या, केशरी टोपीच्या आणि लाल टोपीच्या. तुमची इन्सुलिनची बाटली 100 ची आहे, म्हणजे एका मिलीत 100 युनिट, तिला केशरीच लागते. लाल टोपीची 40 च्या बाटलीसाठी असते. तिच्यात तुमचं औषध 2 च्या रेघेपर्यंत भरलं तर बोक्याला 5 युनिट जातात. लाल टोपीवाल्या मी वेगळ्या काढून चिठ्ठी लावून परत दिल्यात. घरी कोणती वापरली जाते ते एकदा बघा, रागावू नका. मे महिन्यातली ती दुपार मला तेव्हापासून आठवतेय.

खाऊबद्दल: तुम्ही सुकं खाणं दिलंत आणि म्हणालात, वाटी भरून ठेवा, तो हवं तेव्हा खातो. पण तुमच्याच डॉक्टरांच्या कागदावर ओलं, कमी पिठाचं खाणं दोन वेळा असं लिहिलंय. मांजर मूळचं मांसाहारी, त्या दाण्यांत पिष्ट भरपूर, साखर त्यानेच चढते. मी कागदाप्रमाणे गेले. थोडे दाणे दिले, बक्षिसासारखे, कान टोचल्यावर.

150 रुपयांचं म्हणाल तर ते दरपत्रकात पहिल्यापासून आहेत. शुगर तपासायची एक पट्टी वीसेक रुपयांची, दिवसाला तीन तरी लागतात, त्या रात्री जास्त लागल्या. तरी त्या दिवसाचे 150 मी परत करते, मला वाद नको.

मलूल म्हणाल तर तुम्ही दुपारी आलात, जेवून झोपलेला होता. येताना वजन 6.1 किलो होतं, जाताना 6.

पुढच्या वेळेपासून वहीऐवजी छापील तक्ता करायचा विचार आहे, आकडे मालकांना त्याच दिवशी जातील असं बघते. मावशींना डोसबद्दल लिहायला सांगणार नाही. गणपतीत डायबेटिक मांजरं किती घ्यायची याचाही विचार चालू आहे, बहुतेक एकच. गेल्या वर्षी चिकूला शुगर नव्हती तेव्हा तुम्ही गावाहून येताना आमच्यासाठी काजू आणले होते. यंदा घरी पोचून दोन तासांत एक स्टार. फोन केला असतात तर मी सगळे आकडे वाचून दाखवले असते, पानाचा तो अंगठ्याखालचा भागसुद्धा.

तुमची इन्सुलिनची थंड पिशवी आमच्या फ्रीजवर आहे. ती मात्र खरंच राहिली. कधीही येऊन न्या, फक्त सकाळ-संध्याकाळ साडेसात ते नऊ नको, तेव्हा सुयांची वेळ असते.