ॲप रिव्ह्यूला टाकताय? आधी देव पाण्यात घाला

सगळ्यात आधी क्लायंटला तारीख देऊन टाका. रिव्ह्यू, म्हणजे ॲप स्टोअरवर जाण्याआधी ॲपल करतं ती तपासणी, कधी होईल ते बघू नंतर. क्लायंट म्हणजे मोदकवाले काका, ऑर्डर घेणारं ॲप हवंय ना त्यांना, मग सांगा काकांना बिनधास्त, "चतुर्थीच्या आठ दिवस आधी लाइव्ह!" ॲपल स्वतःच म्हणतं की ९० टक्के सबमिशन २४ तासांच्या आत बघून होतात, आणि आपण त्या उरलेल्या १० टक्क्यांत कशाला असू. २०१५ च्या आसपास आठवडाभर ताटकळायला लागायचं म्हणे, तेव्हाचे लोक उगाच घाई करायचे नाहीत.

लॉगिन ओटीपीवरच ठेवा. आणि डेमो अकाउंटला (तपासणाऱ्याला आत शिरून बघायला द्यायचं खातं) नंबर काकांचा द्या, ॲप त्यांचंच आहे शेवटी. रिव्ह्यूवाला कॅलिफोर्नियात दुपारचं जेवून तुमचं ॲप उघडतो तेव्हा इकडे रात्रीचे २ वाजून ४० मिनिटं झालेली असतात, काकांचा फोन उशाशी टिंग करतो, काका चष्मा शोधून मेसेज वाचतात, त्यात लिहिलेलं असतं 'हा ओटीपी कोणालाही सांगू नका', आणि काका शहाण्या माणसासारखे कोणालाही न सांगता कूस बदलून झोपतात. सकाळी तुम्हाला मेल: ॲप नापास, ॲपलच्या नियमावलीतली गाइडलाइन २.१, लॉगिन करता आलं नाही. सोबत आयपॅडवरचा स्क्रीनशॉट. ॲप तुम्ही फक्त आयफोनसाठी केलं होतंत, हे त्यांना अजिबात समजावत बसू नका (मी बसलो होतो, तीन दिवस गेले).

अँड्रॉइडवाल्यांनी हसू नये. गूगल प्लेवर नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेलं पर्सनल डेव्हलपर अकाउंट असेल तर आधी ॲप वापरून बघणारे १२ टेस्टर जमवा, तेही सलग १४ दिवस टिकणारे. पूर्वी २० लागायचे, म्हणजे आता एक मावसभाऊ आणि त्याचं सासर वाचलं. घरच्या ग्रुपवर लिंक टाका, बाराजण अंगठा दाखवतील, लिंक एकच जण उघडेल.

दर पाच मिनिटांनी स्टेटस रिफ्रेश करा, त्याने 'वेटिंग फॉर रिव्ह्यू' लवकर हलतं. एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) कंपनीला टॅग करून शिव्या घाला. काकांना सांगा, "आपल्या हातात काही नाही हो, अमेरिकेत अडकलंय." काका बिचारे मोदकांच्या ऑर्डर वहीत लिहून घेतील.

आणि मेल मात्र बघू नका. म्हणजे विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सावकाश डॅशबोर्ड उघडलात की दिसेल, ॲप अप्रूव्ह होऊन नऊ दिवस झाले, स्टेटस 'पेंडिंग डेव्हलपर रिलीज', म्हणजे तुम्हीच बटण दाबायची वाट बघतंय. सबमिट करताना मॅन्युअल रिलीजवर टिक कोणी केली होती?