काही दिसलं नाही, उत्तम!

"ह्यांना रात्री काही दिसत नाही," असं माझी बायको पाहुण्यांना सांगते, आणि पाहुणे लगेच मोतीबिंदूच्या डॉक्टरांची नावं सुचवू लागतात. डोळे ठणठणीत आहेत हो माझे. मी लघुग्रहांची पिधानं बघतो. एखादा लघुग्रह हिंडत हिंडत एखाद्या ताऱ्याच्या आड येतो, म्हणजे ताराच त्याच्या आड जातो, दोन-चार सेकंद दिसेनासा होतो आणि परत दिसू लागतो. झाला कार्यक्रम. लघुग्रह बहुधा इतका मंद असतो की तो दिसत नाहीच; जो तारा दिसत असतो तोही जातो. एवढ्यासाठी हा माणूस पौषातल्या थंडीत गच्चीवर का बसतो, हे कोडं आमच्या इंदूरच्या रामबागेत अजून कुणाला सुटलेलं नाही.

तारा इतका लांब असतो की त्याचे किरण आपल्यापर्यंत समांतरच येतात. त्यामुळे दगड तीस किलोमीटरचा असला तर त्याची सावलीही पृथ्वीवर तेवढ्याच रुंदीची पडते, आणि सेकंदाला दहाएक किलोमीटरच्या वेगाने पळते. तिच्या वाटेत अंतराअंतरावर माणसं बसवायची, प्रत्येकाने तारा किती वाजता गेला आणि किती वाजता आला ते टिपायचं, आणि सगळ्यांच्या वेळा एकत्र मांडल्या की वीस-तीस कोटी किलोमीटरवरच्या दगडाचा आकार कागदावर उमटतो. हे गच्चीवरच्या आठ इंची दुर्बिणीतून होतं, याचं मला अजून नवल वाटतं. घरात ते नवल मी एकट्यानेच करायचं असतं.

या खेपेला सावलीचा पट्टा सांवेर-देवासवरून जाणार होता. इंदूर दक्षिणेला बाहेर. पट्ट्याच्या मधोमध बसायला सगळेच तयार असतात. देवासच्या मित्राला बसल्या जागी ग्रहण मिळणार होतं, आणि मला मंडळींनी सांगितलं, तू घरीच बस, पट्ट्याबाहेर, आणि तारा गेला नाही एवढं नीट टिप.

नेमके त्याच रात्री पुण्याचे साडू सहकुटुंब आमच्याकडे. पिधान रात्री अकरा अठ्ठेचाळीसला, म्हणजे सराफा, आमचा रात्रीचा खाऊबाजार, ऐन रंगात असताना. साडू पुण्याहून आले होते ते सराफ्यासाठी. (माझ्यासाठी आले, असं ते म्हणाले होते. गाडीतून उतरल्यावर पहिला प्रश्न गराडूचा, म्हणजे तिथल्या तळलेल्या कंदाचा होता.)

"म्हणजे दिसणार नाही हे तुम्हाला आधीच माहीत आहे?" साडूंनी विचारलं.

"हो."

"अंदाज चुकला तर?"

ती सोय आता उरली नाही. पूर्वी पट्टा शे-दोनशे किलोमीटर सहज सरकायचा आणि पट्ट्याबाहेरच्या माणसालाही आशा असायची. २०१८ मध्ये गाया उपग्रहाने शंभर कोटींहून जास्त ताऱ्यांच्या जागा इतक्या बारकाईने छापल्या की आता चूक होते ती थोड्याच किलोमीटरांची.

"मग हे तिकीट काढून थिएटरच्या बाहेर उभं राहण्यासारखं झालं," साडू म्हणाले.

मी त्यांना युरेनस ऐकवला. १० मार्च १९७७ ला तो एका ताऱ्यासमोरून जाणार होता. विमानात दुर्बीण घेऊन हिंदी महासागरावर गेलेल्यांनी वेळेच्या बरंच आधी यंत्रं सुरू केली, आणि ग्रह ताऱ्यापाशी पोचण्याआधीच तारा अनेकदा मिचकावला. पलीकडे गेल्यावर पुन्हा तसाच. अशी सापडली युरेनसची कडी! आपल्या कावलूरच्या वेधशाळेतही त्या रात्री माणसं जागी होती. पुढे २०१३ मध्ये खारिक्लो नावाच्या अडीचशे किलोमीटरच्या गोळ्यालाही याच रीतीने कडी निघाली. म्हणून बाहेरच्या माणसानेही डोळा लावून बसायचं.

"तुमच्या या दगडाला आहेत कडी?"

"नसावीत. पण नाहीत, असं म्हणायला तरी कुणी बघितलेलं हवं ना?"

साडूंनी बायकोकडे बघितलं. ती तिच्या बहिणीकडे बघत होती.

दुसरी आघाडी शेजारच्या वकीलसाहेबांची. त्यांच्या गच्चीवरचा दिवा थेट माझ्या दुर्बिणीत डोकावतो. मी गेलो आणि अर्जेंटिनाची गोष्ट सांगितली. १७ जुलै २०१७ ला आरोकोथ नावाच्या, साडेसहाशे कोटी किलोमीटरवरच्या दगडाची सावली तिथून जायची होती, तर लोकांनी शहरातले रस्त्यांवरचे दिवे मालवले, महामार्ग थांबवला, दुर्बिणींना वारा लागू नये म्हणून ट्रक आडवे उभे केले. वकीलसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भिया, अंधेरा तो चोर भी माँगता है." मग अर्ध्या तासासाठी दिवा बंद करायला तयार झाले, वर काठी घेऊन गच्चीवर बसतो म्हणाले. बसलेही.

तिसरी आत्या. ती या घरात ग्रहणांचं खातं सांभाळते.

"वेध कधीपासून रे?"

"अगं आत्या, तीन सेकंदांचं ग्रहण. वेध कसले?"

"तीन सेकंद असो नाहीतर तीन तास. भात टाकायचा की नाही ते सांग."

मी नकाशा दाखवला. तिने चष्मा लावून पट्ट्यावरून बोट फिरवलं, सांवेर, देवास, मग खाली इंदूर. "आपण बाहेर. जिथे दिसत नाही तिथे पाळायचं नसतं," ती म्हणाली आणि तांदूळ धुवायला उठली. दारातून वळून म्हणाली, "पण दिसलं नाही ना, ते नीट बघ हं."

साडूंना तासभर सांगून जे उतरत नव्हतं, ते तिला पंचांगाने कधीच शिकवून ठेवलं होतं.

रात्री दव इतकं पडलं की मुलीचा केस वाळवायचा ड्रायर दुर्बिणीच्या भिंगावर धरून बसावं लागलं. शब-ए-मालवाची, म्हणजे माळव्यातल्या रात्रीची कीर्ती गाणारे बहुधा रजईतून गात असावेत. कॅमेऱ्याला जीपीएसची वेळ जोडलेली होती. इथे सेकंदाच्या दहाव्या हिश्शाची चूक झाली तर दगडाचा काठ एक किलोमीटर सरकतो. आमच्या दिवाणखान्यातलं घड्याळ मात्र मुलांची शाळा चुकू नये म्हणून दहा मिनिटं पुढे असतं, आणि साडू त्याच्यावर विसंबून वर आले. त्यामुळे त्यांच्या हिशोबाने अकरा अठ्ठेचाळीस झाले, होऊन गेले, आणि मी तरीही लॅपटॉपवरच्या एका ठिपक्याकडे बघत होतो. त्यांनी सराफ्यातून मागवलेल्या गराडूची पुडी उघडली.

खरी वेळ आली. तारा होता. तारा राहिला. दोन मिनिटं आधी, दोन मिनिटं नंतर, जरासुद्धा हलला नाही.

"गेला होता! मी बघितला!" साडू ओरडले. वकीलसाहेब काठी घेऊन उठले. कॅमेऱ्याच्या एकूण एक चौकटी तपासल्या. कुठे काही नव्हतं. गेली होती ती साडूंच्या चष्म्याची काच, गराडूच्या वाफेत.

"म्हणजे शेवटी काय?"

"काही नाही. उत्तम!"

तेवढ्यात देवासहून फोन. मित्र आनंदाने किंचाळत होता, "मिळालं रे! पावणेतीन सेकंद! स्वच्छ गेला, स्वच्छ आला!" आत्या शाल गुंडाळून वर आलीच होती. तिने माझ्या हातातून फोन घेतला.

"तुमच्याकडे लागलं ना रे ग्रहण? मग तसाच झोपू नकोस. आधी डोक्यावरून आंघोळ कर."

पलीकडे क्षणभर शांतता. मग मित्राचा पडलेला आवाज आला, "नाही हो आत्या, इकडे ढग होते."