चेकडिस्क हा फायलींचा वाली नव्हे

पावसाळ्यात फोंड्याची वीज येजा करू लागली की व्हॉट्सॲपवर एक जुना संदेश नव्याने उगवतो. यंदा तो आमच्या नाटकमंडळाच्या ग्रुपवर तिघांनी टाकला. मजकूर साधारण असा : ‘ड्राइव्ह उघडत नसेल, फाइल करप्ट दाखवत असेल, तर दुकानात पैसे घालवू नका. चेकडिस्क ही विंडोजची डिस्क तपासणारी कमांड स्लॅश एफ, स्लॅश आर लावून चालवा, सगळा डेटा परत येतो. फॉरमॅट मागितला तर बिनधास्त करा, फायली नंतर रिकव्हरी सॉफ्टवेअरने निघतात. एसएसडी असेल तर आणखी सोपे. डिस्क टकटक करत असेल तर रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा.’

दुकानाचे सोडा, तो ज्याचा त्याचा अनुभव. बाकीचे पाहू.

‘सगळा डेटा परत येतो.’ नाही येत, कारण चेकडिस्कचे ते कामच नाही. कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याची वही म्हणजे फाइल सिस्टीम. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये ही वही मास्टर फाइल टेबलात असते. लिहिता लिहिता वीज गेली की नोंद अर्धी राहते आणि मेळ बसत नाही. चेकडिस्क हा मेळ बसवतो. पण कसा? जत्रेचा हिशेब महाजनांपुढे ठेवायच्या आदल्या रात्री कारकून बसवतो तसा : जे जुळत नाही ते खोडून. ज्या तुकड्यांचा धनी सापडत नाही, ते ‘फाउंड.०००’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरात ‘.सीएचके’ शेपटी लावून पडतात. मूळ नाव गेलेले, फोल्डर गेलेला. वही मात्र चोख.

कोणी म्हणेल, एनटीएफएसला जर्नल, म्हणजे होणाऱ्या बदलांची रोजकीर्द, असते ना? असते. पण ते वहीतल्या नोंदी सांभाळते, तुम्ही लिहीत असलेल्या फाइलीतला मजकूर नव्हे.

डिस्क धडधाकट असेल, फक्त वीज गेल्यामुळे गोंधळ झाला असेल, आणि फायलींची दुसरी प्रत हाताशी असेल, तर नुसता वहीचा मेळ बसवणारा स्लॅश एफ खुशाल चालवा. मीही चालवतो. माझी तक्रार आहे ती स्लॅश आरबद्दल.

डिचोलीच्या मामांकडे मंडळाच्या जुन्या प्रयोगांची रेकॉर्डिंग एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर होती. फोल्डर उघडायला वेळ लागू लागला, मग काही फायली उघडेनात. मामांनी संदेशाप्रमाणे स्लॅश आर दिला. ही खूण लावली की चेकडिस्क डिस्कचा एकेक सेक्टर, म्हणजे मजकूर साठवायचा छोटा कप्पा, वाचून पाहतो, मोकळी जागासुद्धा. खराब सेक्टर फाइलीत सापडला तर ती जागा बाद करतो, आणि तिथला वाचता न आलेला मजकूर कायमचा जातो. दमेकऱ्याला आधी साखळी गावापर्यंत पळवून आणून मग औषध द्यावे, तसला प्रकार. चौथ्या टप्प्यावर टक्केवारी तासन्‌तास एका आकड्यावर अडकली, संध्याकाळी टकटक सुरू झाली, आणि नंतर डिस्क दिसायचीच बंद झाली. कदाचित ती तशीही गेली असती. पण सकाळी जे वाचत होते ते आधी उतरवून घेतले असते, तर निदान तेवढे राहिले असते.

‘फॉरमॅट मागितला तर बिनधास्त करा.’ फॉरमॅटची मागणी येते तेव्हा विंडोजला फाइल सिस्टीम ओळखता आलेली नसते. ड्राइव्हपुढे बहुधा ‘रॉ’ लिहिलेले दिसते. गंमत म्हणजे रॉ ड्राइव्हवर चेकडिस्क चालतच नाही, तसे तो स्वतःच सांगतो. म्हणजे संदेशातला पहिला उपाय इथे बाद. दुसरा उपाय घातक. क्विक फॉरमॅट वही नवी करतो, मजकूर बराचसा जागेवर राहतो. पण ‘क्विक’ची खूण काढली तर विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळ्या डिस्कवर शून्ये लिहितो. त्यानंतर कुठलेही सॉफ्टवेअर आणा.

एसएसडीचे, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर साठवणाऱ्या ड्राइव्हचे, तर उलटेच आहे. ट्रिम नावाची सोय चालू असली की पुसलेली किंवा फॉरमॅट झालेली जागा आता नको, असे विंडोज ड्राइव्हला कळवते आणि ड्राइव्ह ती आतून साफ करून टाकतो. विंडोज ७ पासून ही सोय आहे. म्हणून एसएसडीवर चुकून फॉरमॅट झाला तर आशा फार थोडी.

फ्रीजरमध्ये बांगडे ठेवा. गोव्याच्या दमट हवेत थंडगार डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरते, आणि सर्किटला तेवढे पुरे.

मग करायचे काय? त्या ड्राइव्हवर काहीही लिहिणे थांबवा. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे बघा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (नीट वाचता न येणारे सेक्टर) शून्याहून जास्त असेल तर दुखणे वहीचे नाही, डिस्कचे आहे. ड्राइव्ह विंडोजच्या बिटलॉकर या कुलपाने बंद असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की आधी शोधून ठेवा. मग लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून जीएनयू डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची प्रत दुसऱ्या, तितक्याच मोठ्या डिस्कवर घ्या. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलते आणि अडणाऱ्या जागांकडे मागाहून वळते. यानंतरचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर. टेस्टडिस्क हा प्रोग्रॅम हरवलेले पार्टिशन, म्हणजे डिस्कचा विभाग, शोधतो, एनटीएफएसचा बिघडलेला बूट सेक्टर (विभागाची ओळख सांगणारा पहिला सेक्टर) त्याच्या राखीव प्रतीवरून बसवतो. तेही जमले नाही तर फोटोरेक; तो फायली ओळखतो, नावे मात्र देत नाही. दोन्ही फुकट आहेत. चेकडिस्क चालवायचाच तर तोही या प्रतीवर. आणि डिस्क टकटकत असेल तर यातले काहीच घरी करू नका, ती बंद करून जाणत्याकडे द्या.

प्रत निघायला मोठ्या डिस्कला दिवससुद्धा जातो. तेवढा वेळ मशीन यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर असू द्या.