कापलेले पैसे तुमचे नाहीत

आज दुपारी एका ताईंच्या अकरा पगाराच्या स्लिपा आणि पीएफचं (भविष्य निर्वाह निधीचं) पासबुक शेजारी शेजारी ठेवून पाहिलं, आणि तेव्हापासून डोकं शांत होत नाहीये. म्हणून हे लिहितोय. लांबेल. वेळ काढून वाचा, विशेषतः ज्यांच्याकडे दहा-वीस-तीस माणसं कामाला आहेत त्यांनी.

भोसरीच्या एका लहान युनिटमध्ये त्या पॅकिंगला आहेत. बावीस माणसांचं युनिट. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १४,०००, बाकीचे भत्ते २,५००, एकूण पगार १६,५००. जुलै ते मे, अकरा महिने, प्रत्येक स्लिपवर पीएफची कपात १,६८० रुपये. अगदी बरोबर, बारा टक्के. ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, कपात १२४ रुपये. तीही बरोबर, पाऊण टक्का, वरच्या रुपयात धरलेला. हिशेब करणारा माणूस हुशार आहे, त्याला टक्केवारी येते.

पासबुकात मात्र जुलै ते ऑक्टोबर एवढ्याच नोंदी. नोव्हेंबरपासून पान कोरं.

सात महिने गुणिले १,६८०, म्हणजे ११,७६० रुपये. हा फक्त त्यांच्या पगारातून कापलेला हिस्सा. मालकाचा हिस्सा अजून मोजलेलाच नाही.

बरं, एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ. स्लिपवर प्रोफेशनल टॅक्सही कापलाय. दरमहा २००, फेब्रुवारीत ३००. अकरा महिन्यांचे २,३००. अहो, १ एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर प्रोफेशनल टॅक्स शून्य आहे! साडेसात हजारांपर्यंत शून्य, दहा हजारांपर्यंत १७५ आणि पुढे २०० हा तक्ता पुरुषांचा. तो जुन्या एक्सेलमध्ये होता, तोच सगळ्यांना लावला. हे २,३०० सरकारकडे भरले असतील तर ती चूक आहे. भरलेच नसतील तर त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

मला माहीत आहे, आपल्यापैकी कोणी मुद्दाम कामगाराच्या खिशात हात घालणारा नाही. पण हे घडतं कसं ते नीट बघा. पगार बँकेतून जातो तेव्हा निव्वळ रक्कम जाते. कापलेले पैसे मालकाच्याच चालू खात्यात पडून राहतात. खात्यात ते वेगळे दिसत नाहीत. दहा तारखेला स्टीलवाल्याचा चेक लागतो, बाराला वीजबिल, आणि पंधराला पीएफ भरायला खातं रिकामं. मग ‘पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम भरू’. पुढच्या महिन्यात दोन्ही भरता येत नाहीत, म्हणून एकही भरलं जात नाही. नोव्हेंबरचं चलन चुकतं ते असं, आणि मे उजाडतो.

उपाय इतका साधा आहे की सांगायला संकोच वाटतो. दुसरं चालू खातं उघडा. ज्या दिवशी पगार जातो त्याच दिवशी, त्याच बैठकीत, पूर्ण चलनाची रक्कम त्या खात्यात टाका. या ताईंचंच गणित घ्या. त्यांचे १,६८०. मालकाचे १,६८०, त्यातले ८.३३ टक्के म्हणजे १,१६६ पेन्शन योजनेत आणि उरलेले ५१४ पीएफमध्ये. विम्याचे अर्धा टक्का म्हणजे ७०, प्रशासकीय शुल्क अर्धा टक्का, आणखी ७०. एका माणसामागे बरोबर ३,५०० रुपये. ईएसआयचे त्यांचे १२४ आणि मालकाचे सव्वातीन टक्क्यांनी ५३७, मिळून ६६१. म्हणजे १६,५०० पगाराच्या माणसाचा खर्च मालकाला १६,५०० नसतो, १८,८५७ असतो. कोटेशन देताना हा आकडा धरा. जॉबवर्कचा दर १६,५०० वर काढायचा आणि पंधरा तारखेला डोक्याला हात लावायचा, ही चूक पंधरा तारखेला होत नाही, दर ठरवताना होते.

आता तारखा. हजेरी पत्रक एक-दोन तारखेला बंद. पगार सात तारखेच्या आत, तसा कायदाच आहे. आठ-नऊला पीएफची ईसीआर फाइल, म्हणजे नावानिशी वर्गणीचं महिन्याचं पत्रक, पोर्टलवर चढवा. पंधरा ही शेवटची तारीख आहे, भरण्याची तारीख नव्हे. चौदाला रात्री पोर्टल रडतं हे खरं आहे, मान्य. म्हणून दहाला भरा. फाइल अडकते ती बहुतेक वेळा नावावर: आधारवर एक, यूएएनवर (माणसाच्या कायम पीएफ क्रमांकावर) दुसरं, कुठे आडनाव आधी तर कुठे शेवटी. जन्मतारीख जुळत नाही. जुन्या नोकरीचा यूएएन असताना घाईत दुसरा काढलेला असतो. माणूस रुजू होतो त्या दिवशी आधार, पॅन, बँक पासबुक समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा आणि आधीचा यूएएन विचारा. अर्धा तास जातो. तो वाचवला तर दोन वर्षांनी त्या माणसाला जॉइंट डिक्लरेशनसाठी (नाव-तारीख दुरुस्तीच्या मालक-कामगाराच्या संयुक्त अर्जासाठी) हेलपाटे घालावे लागतात, रजा टाकून.

माणूस सोडून गेला की पोर्टलवर सोडल्याची तारीख टाका. ही एक नोंद न केल्यामुळे किती जणांचे पैसे अडकतात! आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्यात. माणूस स्वतः गेला किंवा तुम्ही काढला, तरी वेतनाचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा. ‘पुढच्या सात तारखेला ये’ हे आता चालत नाही.

पुन्हा त्या स्लिपांकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त चीड आली ती ईएसआयची. १२४ रुपये. कोणाला वाटेल, एवढ्याशा रकमेचं काय.

त्या ताईंचं पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. सहा आठवडे घरी बसावं लागणार. ईएसआयमध्ये आजारपणाच्या रजेत सरासरी रोजाच्या ७० टक्के रोख मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. त्यांच्या पगारावर दिवसाला साधारण ३८५ रुपये. पहिले दोन दिवस सोडले तरी चाळीस दिवसांचे १५,४०० होतात. पण त्याला अट आहे. ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तरच जुलै ते डिसेंबरमध्ये हा लाभ. ऑक्टोबरची भरलीये, एकतीस दिवस. नोव्हेंबरपासून शून्य. म्हणजे पगारातून वर्गणी दर महिन्याला गेली, आणि गरज पडेल तेव्हा ईएसआयच्या खिडकीवरचा माणूस म्हणणार, तुमचे दिवस भरत नाहीत.

मालकाने वर्गणी थकवल्यामुळे लाभ बुडत असेल तर ईएसआय महामंडळ स्वतः पैसे देऊन मालकाकडून ते वसूल करू शकतं, अशी तरतूद आहे. पण त्यासाठी अर्ज, चौकशी, कागद. पोटाला टाके असलेल्या बाईने हे करायचं?

कामगाराच्या पगारातून कापून न भरलेला पीएफ आणि ईएसआय हा नुसता उशीर धरला जात नाही, हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. तो फौजदारी विश्वासघात मानला जातो. पूर्वी भारतीय दंड संहितेत होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये आहे. कायद्याने शब्द फार नेमका निवडलाय. मालकाचा स्वतःचा हिस्सा थकला तर ते कर्ज आहे. कामगाराचा कापलेला हिस्सा थकला तर तो विश्वासघात आहे. दोन्हींत फरक आहे, आणि तो प्रत्येक लहान मालकाने भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे.

पैशाचं गणितही सांगतो. उशिराच्या पीएफवर वर्षाला १२ टक्के व्याज. त्यावर वेगळी नुकसानभरपाई, जून २०२४ पासून महिन्याला एक टक्का. म्हणजे महिन्याला दोन टक्के झाले. बावीस जणांचा पगार साधारण सारखाच धरला तर सात महिन्यांची नुसती कामगारांची कपात २,५८,७२० रुपये होते. पाच लाखांच्या वर जाणारं हे सगळं ओझं अंगावर घेऊन तो माणूस झोपतो कसा?

हो, मला ठाऊक आहे, मोठी गिऱ्हाइकं पैसे थकवतात. ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे आणि नव्वद-नव्वद दिवस दिले जात नाहीत. हे अन्याय्य आहे आणि त्यावर वेगळं लिहीन. पण त्या गिऱ्हाइकाने तुमचे पैसे अडवले म्हणून तुम्ही त्या ताईंचे अडवायचे, हे मला पटत नाही. नाहीच पटत.

दुसरं एक कायम ऐकू येतं, ‘कामगारच म्हणतात, पीएफ नको, हातात द्या.’ म्हणतात, खरं आहे. पण बेसिक १४,००० वर ती निवड ना त्यांची आहे ना तुमची. आणि ‘वीसपेक्षा कमी दाखवू, म्हणजे पीएफ लागत नाही’ म्हणून बायकोच्या नावाने दुसरी फर्म काढणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, एकच शेड, एकच वीजमीटर, एकच सुपरवायझर असला की तपासणीत दोन फर्म एकच ठरतात. कंत्राटदाराची माणसंही मोजली जातात. कंत्राटदाराने भरलं नाही तर जबाबदारी फिरून तुमच्याकडेच येते, म्हणून त्याचं बिल पास करायच्या आधी चलन आणि ईसीआरमधली नावं मागा. नुसतं चलन नको, त्यावर नावं नसतात.

बेसिक ६,००० दाखवून बाकी सगळं ‘स्पेशल अलाउन्स’मध्ये टाकायचा जो उद्योग चालायचा, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्येच सांगितलं होतं की सरसकट सगळ्यांना दिला जाणारा भत्ता पीएफसाठी बेसिकमध्येच धरायचा. आता संहितेतल्या व्याख्येप्रमाणे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून वर गेले तर वरचा भाग वेतनात मिळवायचा. तुमचं पगारपत्रक जुनं असेल तर याच आठवड्यात उघडून बघा.

किमान वेतनाचंही तेच. महाराष्ट्रात महागाईनुसार मिळणारा विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो, जानेवारी आणि जुलैपासून. परिपत्रक उशिरा येतं, मग फरक मागच्या तारखेपासून द्यावा लागतो, आणि नेमका तोच विसरला जातो. ओव्हरटाइम दुप्पट दराने. ओव्हरटाइमवर पीएफ नाही. ईएसआयची २१,००० ची पगारमर्यादा बघतानाही ओव्हरटाइम धरायचा नाही. आणि सहामाहीच्या मध्ये एखाद्याचा पगार २१,००० च्या वर गेला तर ईएसआय लगेच बंद करू नका, सहामाही संपेपर्यंत कापायचा आणि भरायचा. कामगार कल्याण निधी जून आणि डिसेंबरमध्ये, कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५, भरणा १५ जुलै आणि १५ जानेवारीपर्यंत. लहान रक्कम, म्हणून राहून जाते.

आणि बँकेत किमान वेतन पूर्ण टाकून संध्याकाळी रोख परत मागणारे जे आहेत, त्यांनी माझ्या यादीतून निघून जावं. त्यांच्याशी मला बोलायचं नाही.

थोडा वेळ थांबून पुन्हा लिहायला बसलोय. वर आवाज चढला. तो मालकही बहुधा वाईट माणूस नसेल. जुलै ते ऑक्टोबर त्याने वेळेवर भरलंय, म्हणजे भरायची इच्छा होती. कुठेतरी एक ऑर्डर गेली असेल, एक पेमेंट बुडालं असेल. पण त्याच्या हिशेबनिसाने दर महिन्याला ती १,६८० ची ओळ छापली, आणि ती स्लिप दर महिन्याला त्या ताईंच्या हातात दिली. त्या स्लिपवर त्यांनी विश्वास ठेवला. अकराच्या अकरा जपून ठेवल्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, महिन्यांप्रमाणे लावून. पासबुक मोबाइलवर दिसतं हे त्यांना आजच कळलं.

तुमच्याकडच्या माणसांना उमंग अ‍ॅप लावून द्या, स्वतःहून. यूएएन टाकून पासबुक कसं बघायचं ते दाखवा. ज्याचा भरणा चोख आहे त्याला यात भिण्यासारखं काही नाही.

आणि जो थकलाय त्याने एकदम सगळं जमत नसेल तर सगळ्यात जुना महिना आधी भरावा, नोव्हेंबर, मग डिसेंबर. ईएसआय तर आजच सगळी भरावी, रक्कम त्या मानाने कमी असते. एका माणसाचे सात महिने म्हणजे ४,६२७ रुपये. प्रोफेशनल टॅक्स चुकून कापलेल्या बायकांना या महिन्याच्या पगारात तो परत द्यावा, आणि स्लिपवर तशी ओळ लिहावी.

त्या ताईंचं ऑपरेशन ९ जुलैला आहे. ऑक्टोबर-मार्चची राहिलेली वर्गणी त्याआधी जमा होऊन त्यांच्या नावावर नोंदली गेली, तर खिडकीवर त्यांचे ७८ दिवस भरतील.