पोटातली जाळी कंपनीच्या मालकीची नसते

हर्नियाच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या भिंतीतील कमकुवत जागेला आधार म्हणून जी जाळी बसवतात, तिच्याविषयी एक लांबलचक संदेश सध्या नातेवाइकांच्या आणि मित्रांच्या गटांवर फिरतो आहे. असले संदेश न वाचता पुसून टाकण्याचा माझा परिपाठ आहे. परंतु माझ्या मामांनी हा वाचून ठरलेली शस्त्रक्रिया रद्द केली, तेव्हा तो शेवटपर्यंत वाचणे भाग पडले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: या जाळीचे जगात एकच पेटंट असून ते एका कंपनीच्या मुठीत आहे, जाळी पेटंटची असल्यामुळे शरीरात बसवल्यानंतरही ती कंपनीच्याच मालकीची राहते आणि तिच्या परवानगीशिवाय काढता येत नाही, जाळी घातक असल्याची कबुली कंपन्यांनी पेटंटच्या कागदांतच दिली आहे, जाळीत माग काढणारे लोहकण घालतात, आणि टाके घालून केलेल्या दुरुस्तीवर पेटंट मिळत नाही म्हणून डॉक्टर ती पद्धत दडवून ठेवतात.

मालकीचा दावा आधी घेतो, कारण मामांच्या मनात तोच घर करून बसला होता. पेटंट हे वस्तूच्या मालकीचे खत नव्हे. एखादी नवी रचना ठरावीक मुदतीत इतरांनी आपल्या संमतीविना बनवू, विकू किंवा वापरू नये, एवढे सांगण्याचा तो हक्क आहे. पेटंटधारकाने किंवा त्याच्या संमतीने एखादा नग एकदा विकला गेला, की त्या नगापुरता हा हक्क संपतो. विधिज्ञ याला हक्काचे निःशेष होणे म्हणतात आणि हे तत्त्व काही कालपरवाचे नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७३ मध्ये निकाली काढलेला ॲडम्स विरुद्ध बर्क हा खटला चक्क शवपेटीच्या झाकणाच्या पेटंटविषयी होता. बोस्टनभोवतीच्या दहा मैलांपुरते त्या झाकणाचे हक्क ज्यांच्याकडे होते, त्यांच्याकडून बर्क नावाच्या अंत्यविधी व्यावसायिकाने शवपेट्या विकत घेतल्या आणि त्या सतरा मैलांवरच्या नॅटिक गावी वापरल्या. आपल्या हद्दीत पेटंटचा भंग झाला, अशी तक्रार तेथील हक्कदाराने केली. ज्याला विकण्याचा अधिकार होता त्याने रीतसर विकलेली शवपेटी पुढे कोठे वापरावी हे पेटंटच्या जोरावर ठरवता येत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. मातीखाली गेलेल्या झाकणावर जो हक्क चालला नाही, तो जिवंत माणसाच्या जांघेतील जाळीवर चालेल, असे या संदेशाच्या लेखकाला का वाटावे, हे त्यालाच ठाऊक. जाळी काढणे अवघड असते हे खरे आहे. पण ते अवघड असते याचे कारण व्रणाची ऊती तिच्या छिद्रांतून वाढून तिला धरून ठेवते. तेथे परवानगीचा प्रश्नच येत नाही.

जगात एकच पेटंट असल्याचा दावा तर संदेशकर्त्याने पाच मिनिटे शोध घेतला असता तरी गळून पडला असता. फ्रान्सिस अशर या अमेरिकी शल्यचिकित्सकाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस कृत्रिम धाग्यांची जाळी हर्नियासाठी वापरात आणली. त्याच्या नावावरचे ‘सर्जिकल मेश’ या शीर्षकाचे अमेरिकी पेटंट, क्रमांक ३०५४४०६, १९६२ मध्ये मंजूर झाले. त्या काळी अमेरिकेत मुदत मंजुरीपासून सतरा वर्षे असे. म्हणजे १९७९ मध्ये ते संपले. आज पेटंटची मुदत बहुतेक देशांत अर्जापासून वीस वर्षे आहे. त्यामुळे साधी, सपाट, विणलेली पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकची, जाळी कोणीही बनवू शकतो आणि अनेक जण बनवतातही. आज जी पेटंटे जिवंत आहेत ती जाळीवरचा लेप, आतड्याकडच्या बाजूचा विरघळणारा थर, विणीचा एखादा प्रकार, जाळी पोटात उलगडण्याचे साधन अशा सुट्या सुट्या गोष्टींवर आहेत, आणि ती एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांकडे विखुरलेली आहेत.

पेटंटवाचून चांगली जाळी मिळूच शकत नाही, या समजुतीला याहून सणसणीत उत्तर युगांडातून आले आहे. २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने तेथील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जांघेचा हर्निया असलेल्या ३०२ पुरुषांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाला बाजारातील नामांकित हलकी जाळी बसवली, तर दुसऱ्याला निर्जंतुक केलेल्या मच्छरदाणीच्या कापडाची. वर्षभरानंतर मच्छरदाणीच्या गटात एका रुग्णाचा हर्निया उलटला, म्हणजे पुन्हा उद्भवला होता, महागड्या जाळीच्या गटात एकाचाही नाही. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण ठरला नाही आणि इतर गुंतागुंतीचे प्रमाणही दोन्हीकडे जवळपास सारखेच निघाले. ही कल्पना त्याआधीच भारतीय शल्यचिकित्सक रवींद्रनाथ टोणगावकर यांनी वापरून दाखवली होती. कोणीही मच्छरदाणी कापून वापरावी असा याचा अर्थ नाही, कारण कापडाची निवड आणि निर्जंतुकीकरण यांवरच सारे अवलंबून असते. पण एका पेटंटाने जगाला ओलीस ठेवले आहे, हे कथानक मात्र या चाचणीपुढे टिकत नाही.

आता कबुलीजबाबाकडे येतो. संदेशातील हाच भाग सर्वांत घातक आहे, कारण येथे खऱ्या वाक्यांचा वापर खोट्या अर्थासाठी केला आहे. संदेशासोबत एका पेटंटच्या पानाचे छायाचित्र असून त्यावर तीन ठिकाणी पिवळी खूण केली आहे: जाळी आकसते, आतड्याला चिकटते, दीर्घकाळ वेदना होतात. हे पान पेटंटच्या कोणत्या भागातले आहे, हे सांगण्याचे मात्र सोयीस्करपणे टाळले आहे. पेटंटच्या दस्तऐवजात आरंभी सारांश असतो, मग पार्श्वभूमी, मग आकृत्यांसह वर्णन आणि अखेरीस क्रमांक घातलेले दावे. कायदेशीर हक्क मिळतो तो या दाव्यांपुरताच. पार्श्वभूमीच्या भागात अर्जदार आधीच्या साधनांचे दोष सांगतो, कारण जुन्यात काही उणे नसेल तर आपल्या नव्याची गरज काय, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर उरत नाही. खूण केलेली वाक्ये याच भागातील आहेत. तेव्हा ही स्वतःच्या मालाविषयीची कबुली नसून बहुधा दुसऱ्याच्या मालाविषयीची तक्रार आहे, आणि तीही विक्रीच्या हेतूने केलेली.

बरे, ती वाक्ये खोटी आहेत का? नाहीत, परंतु त्यांचा अर्थ जागेवरून ठरतो. आकसते ती मुख्यतः जाळीत वाढणारी व्रणाची ऊती आणि तिच्याबरोबर जाळीचे क्षेत्रफळ घटते; म्हणूनच हर्नियाच्या छिद्रापेक्षा चहूबाजूंनी काही सेंटिमीटर मोठी जाळी लावतात आणि म्हणूनच मोठ्या छिद्रांच्या हलक्या जाळ्या आल्या. उघडे पॉलिप्रॉपिलीन आतड्याला टेकले तर चिकटते, हे शल्यचिकित्सकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. पण हा धोका जाळी थेट उदरपोकळीत ठेवण्याच्या पद्धतीतला आहे. जांघेच्या हर्नियासाठी आयर्विंग लिख्टेनस्टाइन यांनी १९८० च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीत जाळी पोटाच्या भिंतीच्या थरांत बाहेरच्या बाजूने बसते आणि आतड्याला तिचा स्पर्शच होत नाही. मामांची शस्त्रक्रिया याच पद्धतीने व्हायची होती. ज्या वाक्याने त्यांना सर्वाधिक घाबरवले, ते त्यांना लागूच नव्हते.

लोहकणांबद्दल फार लिहावेसे वाटत नाही. साधी पॉलिप्रॉपिलीनची जाळी एमआरआयमध्ये नीट दिसत नाही, म्हणून काही जाळ्यांच्या धाग्यांत लोह ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण मिसळतात, जेणेकरून जाळी सरकली किंवा दुमडली असल्यास ते चित्रात कळावे. गंजाच्या जातकुळीतला हा पदार्थ कोणालाही संदेश पाठवू शकत नाही.

टाक्यांची दुरुस्ती दडवल्याचा आरोप तितकाच पोकळ आहे. बासिनी यांची टाक्यांची पद्धत एकोणिसाव्या शतकातली आहे, टाक्यांचीच शोल्डाइस पद्धत आजही शिकवली जाते, आणि २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत जाळीविना करायच्या दुरुस्तीसाठी शोल्डाइसचीच शिफारस आहे. त्याच तत्त्वांत बहुतेक रुग्णांसाठी जाळीला प्राधान्य दिले आहे, कारण तिच्यामुळे हर्निया उलटण्याचे प्रमाण घटते. शिवाय उपचारपद्धतीवर, मग ती टाक्यांची असो वा जाळीची, पेटंट न देण्याची तरतूद युरोपात आणि भारतातही आहे. अमेरिकेत मोतीबिंदूच्या बिनटाक्याच्या छेदाच्या पेटंटवरून पॅलिन विरुद्ध सिंगर हा खटला गाजल्यावर १९९६ मध्ये कायदा बदलून डॉक्टरांना पेटंटभंगाच्या अशा खटल्यांपासून संरक्षण देण्यात आले.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, मनाविरुद्ध का होईना. जाळ्यांनी लोकांचे नुकसान केले आहे. कुगेल पॅच या जाळीतील कडे मोडून आतड्याला छिद्र पडण्याचा धोका दिसल्याने ती २००५ पासून टप्प्याटप्प्याने परत मागवावी लागली. फिजिओमेश ही जाळी, हर्निया उलटण्याचे प्रमाण अधिक असल्याचे हर्नियाच्या शस्त्रक्रियांच्या नोंदवह्यांमधून दिसल्यावर, २०१६ मध्ये बाजारातून काढून घेतली गेली. अमेरिकेत बहुतेक जाळ्यांना आधीच्या उपकरणाशी समतुल्य असल्याच्या आधारावर मंजुरी मिळते आणि त्यासाठी माणसांवरील नवी चाचणी सहसा मागितली जात नाही, ही टीकाही रास्त आहे. जांघेच्या शस्त्रक्रियेनंतर दहा ते बारा टक्के रुग्णांना दीर्घकालीन त्रासदायक वेदना होतात, हे वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतच नमूद आहे, मात्र मज्जातंतू दुखावल्याने होणारी वेदना टाक्यांच्या दुरुस्तीनंतरही होते. यांपैकी एकही दोष पेटंट वाचून उघड झाला नाही आणि होणारही नाही, कारण पेटंट कार्यालय रचना नवी आहे का हे तपासते. ती रुग्णाला मानवते का, हे तपासण्याचे काम त्याचे नाही. त्यासाठी विचारायचे ते जाळीचे नाव आणि तिची नोंदवह्यांमधील कामगिरी. शस्त्रक्रियेनंतर जाळीच्या वेष्टनावरची गट क्रमांकाची (बॅच नंबरची) चिठ्ठी आपल्या कागदपत्रांत लावली आहे का, हेही पाहावे.

शस्त्रक्रिया पुढे ढकलणे नेहमीच चूक असते असेही नाही. जांघेच्या हर्नियाचा फारसा त्रास नसलेल्या पुरुषांनी लक्ष ठेवून थांबणे स्वीकारार्ह असल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीने दाखवले आहे. पण तो निर्णय तपासणी करून डॉक्टरांसोबत घ्यायचा असतो. आणि फुगवटा आत जाईनासा झाला, तो कडक होऊन दुखू लागला किंवा उलट्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.