'तुम्हीच काहीतरी दाबलं असेल' हे बोलणं आधी बंद करा

शेजारच्या काकांचा फोन आज बघितला आणि डोकंच फिरलं. लॉक स्क्रीनवर एकाखाली एक: 'फोनमध्ये व्हायरस सापडला', 'बॅटरी खराब होत आहे', 'तुम्हाला बक्षीस लागलंय'. घरच्यांनी निकाल देऊन टाकला होता की व्हायरस शिरलाय, फॉरमॅट मारा. वर काकांनाच बोलणी.

अहो, व्हायरस नाही तो! त्या प्रत्येक सूचनेवर बारीक अक्षरांत क्रोम ब्राउझरचं नाव होतं आणि शेजारी कुठल्याशा वेबसाइटचा पत्ता. 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा' असं एका वेबपानावर आलं, काकांनी दाबलं, आणि त्या साइटला नोटिफिकेशन, म्हणजे असल्या सूचना, पाठवायची परवानगी मिळाली. खरा कॅप्चा, म्हणजे समोर माणूसच आहे ना हे तपासणारी चाचणी, नोटिफिकेशनची परवानगी कधीच मागत नाही. ही सरळसरळ फसवणूक आहे आणि आपण ओरडतो कुणावर, तर फसलेल्या माणसावर.

क्रोममध्ये तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल. अनोळखी नावं एकेक करून ब्लॉक करा, किंवा सरळ वरचं बटणच बंद करा, काही अडत नाही. नुसती कॅश (ब्राउझरने साठवलेल्या तात्पुरत्या फाइल्स) साफ करून ही परवानगी जात नाही. म्हणून तर सगळ्यांना तो चिवट व्हायरस वाटतो. साइट सेटिंग्जमध्येच 'पॉप-अप्स अँड रीडायरेक्ट्स' (आपोआप उघडणाऱ्या खिडक्या आणि दुसऱ्याच पानावर नेणं) आणि 'इन्ट्रुसिव्ह ॲड्स' (त्रासदायक जाहिराती) आहेत, ती दोन्ही बंदच हवीत.

काकांना सगळ्यात जास्त घाबरवलं ते थरथरणाऱ्या पानाने. फोन थरथरतो, आकडे उलटे मोजले जातात, बॅक दाबलं तरी पुन्हा तेच पान. कुणीही घाबरेल. पण वेबपानाला तुमचा फोन तपासताच येत नाही. अँड्रॉइडवर फोन थरथरवणं ही ब्राउझरने पानांना दिलेली साधी सोय आहे. आणि बॅक चालत नाही, कारण त्या पानाने हिस्टरीत स्वतःच्याच नोंदी घुसवलेल्या असतात. पानावरची फुली दाबू नका, बऱ्याचदा तीच जाहिरातीची लिंक असते. वरच्या आकड्याच्या चौकोनावर जाऊन तो टॅबच बंद करा. ब्राउझर अडकला तर फोनच्या सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीतून तो फोर्स स्टॉप करा, एअरप्लेन मोड लावा, मग उघडून टॅब काढा. नेट चालू ठेवून उघडलंत तर तेच पान परत लोड होऊ शकतं.

वेबसाइट चालवायला पैसे लागतात, मान्य. पानात एका जागी बसलेल्या जाहिरातीशी माझं भांडण नाहीच. पॉप-अपचा सुरुवातीचा कोड लिहिणाऱ्या ईथन झकरमन यांनी २०१४ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली होती. म्हाताऱ्या माणसाला 'व्हायरस' म्हणून घाबरवणाऱ्यांना तेवढीही लाज नाही.

ब्राउझर बंद असताना, होम स्क्रीनवर किंवा कॉल संपताच जाहिरात आली, तर दोषी एखादं ॲप असतं. ती दिसत असतानाच रीसेंट्स (अलीकडे उघडलेली ॲप्स दाखवणारं) बटण दाबा, कुणाचा आयकॉन आहे ते बऱ्याचदा तिथेच कळतं. नाही कळलं तर सेटिंग्जच्या शोधात 'डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स' टाका, म्हणजे इतर ॲप्सच्या वर दिसायची परवानगी कुणाला आहे ते कळेल. टॉर्च, क्लीनर, क्यूआर स्कॅनर असल्या ॲपला ही परवानगी कशाला हवी? ते ॲपच काढून टाका. अनइन्स्टॉलचं बटण फिकं दिसत असेल तर आधी सेटिंग्जमधल्या 'डिव्हाइस ॲडमिन'मधून (फोनवर खास ताबा दिलेल्या ॲप्सची यादी) त्याचा हक्क काढा.

अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या जादा सोयी, चालत नाहीत. फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरमध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन चालतं, घरातल्या ज्येष्ठांना तेच लावून द्या. लावताना शेजारी बसा, दोनदा विचारलं तर दोनदा सांगा. आणि एखादं कामाचं पान त्यामुळे उघडेनासं झालं, तर तेवढ्या साइटपुरतं ते बंद कसं करायचं हेही दाखवून ठेवा.